निवृत्तीनंतर एकटीनं परदेशी राहायचं म्हटलं तर कुठं?

अंबानगरी

पुढच्या मे अखेर निवृत्त होते आहे. कनिष्ठ महाविद्यालयात 31 वर्षं भूगोल शिकवला. वर्गातल्या भिंतीवरचा जगाचा नकाशा तीनदा बदलला, मी मात्र तिरुपतीच्या पलीकडं गेले नाही.

लग्न केलं नाही. आई होती तोवर तिचं करण्यात दिवस गेले, ती जाऊन दोन वर्षं झाली. दोन भाऊ आहेत, चांगले आहेत. पण मी रिकामी होणार म्हटल्यावर माझी वाटणी सुरू झाली आहे. मोठ्या वहिनीनं गुडघ्याचं ऑपरेशन जूनमध्ये काढलंय, धाकट्याची सून तेव्हाच बाळंत होणार आहे, आणि एक भाचा परवा घरी येऊन "आत्या, हा हॉल किती बाय कितीचा गं?" असं विचारून गेला. राग नाही. पण दहा-पंधरा वर्षं तरी अशा गावी राहावं वाटतं, जिथं "तुमचं कुणी नाही का?" असं कुणी विचारणार नाही.

पेन्शन (जुनी) हातात साधारण 70 हजार येईल. ग्रॅच्युइटी, फंड, अंशराशीकरण (पेन्शनचा काही भाग एकरकमी घेणं) मिळून 45-50 लाख. अंबाजोगाईत स्वतःचा फ्लॅट, रेणापूरकडं वडिलांची थोडी शेती, त्यात माझा हिस्सा. बीपीची गोळी चालू आहे, बाकी ठणठणीत. उन्हाळा सोसत नाही. शाकाहारी. संध्याकाळी एकट्या बाईला फिरता यावं एवढीच मोठी अट.

थायलंड, मलेशिया, पोर्तुगाल, मॉरिशस ही नावं ऐकली आहेत. जाणकारांनी सांगावं. "देवधर्मात मन रमवा" असे प्रतिसाद कृपया नकोत, ते घरी फुकट मिळतात.

पूर्णाथडी

जगात जर्मनी, भारतात परभणी. झालं, धागा बंद करा.

काळी_माती

वाचतोय. आमच्या मावशीला पण दाखवतो.

बालाघाटी

ताई, लातूरला करसल्लागार आहे. आधी कात्री लावू, म्हणजे उगाच स्वप्नं नकोत.

अमेरिका, कॅनडा: निवृत्तांसाठी व्हिसाच नाही. दुबईला 55 च्या पुढच्यांना 5 वर्षांचा मिळतो, पण महिन्याला 15 हजार दिरहॅम उत्पन्न दाखवा, म्हणजे साडेतीन लाख रुपये. नाहीतर 10 लाख दिरहॅमची बचत किंवा घर. मलेशियाचा 'माय सेकंड होम' 2024 पासून असा केलाय की मुख्य पायऱ्यांतल्या सगळ्यात खालच्या पायरीलाच दीड लाख डॉलरची ठेव आणि वर 6 लाख रिंगिटचं घर घ्यावं लागतं. सोडा. श्रीलंका ऐकायला जवळची, पण 15 हजार डॉलरची ठेव आणि शिवाय दरमहा दीड हजार डॉलर. मॉरिशसलाही बरीच वर्षं दरमहा दीड हजार डॉलरचीच अट होती, ती खाली येईल असं समजू नका. 70 हजार रुपयांत हे बसत नाही.

पोर्तुगालचं गणित जवळ येतं. तिथं डी-7 व्हिसाला त्यांच्या किमान वेतनाएवढं घरबसल्या उत्पन्न लागतं. 2025 साली ते 870 युरो होतं आणि दरवर्षी वाढतंय. जोडप्याला दीडपट लागतं, म्हणजे एकट्याचा इथं फायदाच. पण तुमची पेन्शन रुपयात, महागाई भत्ता इथल्या महागाईवर, आणि खर्च युरोत. पहिल्याच वर्षी काठाखाली, पाचव्या वर्षी आणखी खाली.

राहता राहिला थायलंड. 50 वर्षं पूर्ण, बँकेत 8 लाख बाट किंवा महिन्याला 65 हजार बाट. पेन्शनवर जमत नाही, ठेवीवर जमतं: 20 लाखांच्या वर रुपये अडकवून ठेवायचे. तिथं राहून मुदत वाढवायची तर ते तिथल्याच बँकेत लागतात, अर्जाच्या दोन महिने आधीपासून नंतर तीन महिन्यांपर्यंत जसेच्या तसे, आणि पुढंही अर्ध्याच्या खाली न्यायचे नाहीत. म्हणजे आजारपणाला ठेवलेला पैसा आजारपणात काढता येत नाही, हे ध्यानात घ्या.

अंबानगरी

बालाघाटी, धन्यवाद. चार ओळींत सात देश गेले! एक शंका: मी तिकडं गेले तर शेतीचा हिस्सा जातो असं भावकीत कुणीतरी सांगितलं. खरं का?

बालाघाटी

सांगणाऱ्याचा हिस्सा कुठाय ते आधी बघा :)

जात नाही. भारतात राहत असताना मिळालेली किंवा वारशानं आलेली शेतजमीन अनिवासी झाल्यावरही ठेवता येते. नवीन विकत घेता येत नाही, आणि विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीयालाच. सातबाऱ्यावर नाव आहे ना? नसेल तर निवृत्तीची वाट न बघता आधी फेरफार करून घ्या. देश बदलण्यापेक्षा ते अवघड आहे.

बाकी पैशाचं थोडक्यात. कायमचं जायचं ठरलं की साधं बचत खातं एनआरओ (अनिवासींचं रुपयातलं खातं) करावं लागतं, पेन्शन त्यातच जमा होईल आणि तिच्यावर कर इथंच बसेल. ज्येष्ठांच्या बचत योजनेत पैसे टाकायचे असतील तर रहिवासी असतानाच, अनिवासींना ते खातं उघडता येत नाही. आणि बाहेर पैसे पाठवताना एका आर्थिक वर्षात 10 लाखांच्या पुढच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापून घेते. विवरणपत्र भरलं की परत मिळतं, पण तोवर अडकतं. म्हणून अर्धे मार्चमध्ये, अर्धे एप्रिलमध्ये.

पूर्णाथडी

मॅडम, मघाशी मजाक करायलो. पण एक खरंच विचारतो. पंधरा वर्षं ठीक. सोळाव्या वर्षी काय? तिथं पडल्यावर पाणी कोण देईल?

काळी_माती

इथं तरी कोण द्यायलंय काका.

रात्रपाळी

मी मूळ बीडची, आयर्लंडमध्ये नर्स आहे. (आयर्लंड यादीत घेऊ नका, उत्पन्नावर जगणाऱ्याला वर्षाला 50 हजार युरो दाखवावे लागतात.)

पूर्णाथडींचा प्रश्न टोचणारा आहे, पण वॉर्डात तो रोज दिसतो म्हणून लिहिते. एकटा पेशंट आला की औषधं मिळतात, ऑपरेशन होतं, पाणीही मिळतं. अडतं ते नंतर. घरी सोडायचं म्हटल्यावर कुणाच्या हाती सोडायचं? पेशंट शुद्धीवर नसेल तर विचारायचं कुणाला? फॉर्मवर एक रकाना असतो, जवळच्या माणसाचा. तो कोरा असला की सगळं हळू होतं. दुष्टपणा नसतो त्यात, फक्त प्रत्येक गोष्टीला एक सही कमी पडते.

माझ्या ओळखीच्या एका आजींनी मुलीचं नाव लिहिलं होतं, मुलगी ऑस्ट्रेलियात. आम्ही फोन करायचो तेव्हा तिच्याकडं मध्यरात्र. शेवटी सगळं केलं ते शेजारच्या घरातल्या पोस्टमननं.

ताई, देश निवडण्याआधी तो रकाना भरा. नाव नात्यातलंच हवं असं नाही. पण चालत वीस मिनिटांत येणारं हवं.

आणि आरोग्य विमा: भारतातल्या बहुतेक पॉलिशा परदेशातला दवाखाना देत नाहीत. त्या बंद करू नका, परत यायची वेळ आली तर नव्यानं कुणी देणार नाही.

हिमरू

प्रतिसाद द्यावा की नाही या विचारात होतो. मी संभाजीनगरचा, बँकेतून निवृत्त, बायको गेल्यावर थायलंडात चिआंग माईला 14 महिने काढले. परत आलो. का आलो ते सांगतो.

चांगलं आधी. गाव सुरेख, लोक मऊ. एकट्यानं जेवायला बसलं तर कुणी वळून बघत नाही. शाकाहारी म्हणायला एक शब्द शिकलो, 'जे', पिवळ्या पताकेवर लाल अक्षरात लिहिलेला असतो, तो दिसला की डोळे झाकून आत जायचं. बायका रात्री दहाला एकट्या बाजारातून येतात. ताईंची अट तिथं पुरी होते.

व्हिसाचे कागद करताना मजा आली. डॉक्टरचा दाखला लागतो की तुम्हाला कुष्ठरोग नाही, क्षय नाही, हत्तीपाय नाही. आमच्या डॉक्टरनं माझे पाय बघितले आणि म्हणाला, हत्तीपाय नाही पण बँकेचं बसणं दिसतंय. 30 लाख बाटचा आरोग्य विमा सक्तीचा, आणि साठीनंतर त्याचा हप्ता दर वर्षी दातओठ खात भरायचा. दर 90 दिवसांनी मी कुठं राहतो ते इमिग्रेशनला कळवायचं. पहिल्यांदा विचित्र वाटतं, नंतर हयातीच्या दाखल्यासारखं अंगवळणी पडतं.

फेब्रुवारी ते एप्रिल मात्र तिथं राहू नये. डोंगरातलं रान आणि शेतातलं काड पेटवतात, धुरानं समोरचा डोंगर दिसेनासा होतो. सगळे म्हातारे गोरे त्या काळात समुद्राकडं पळतात. मी पैसे वाचवायला थांबलो आणि तीन महिने खोकलो.

पण परत आलो ते धुरानं नाही. एका रात्री भावाच्या मुलाचा फोन आला, भाऊ गेला. सिल्लोडला पोचायचं होतं. मिळेल त्या विमानानं निघालो. तिथला नियम असा की देश सोडण्याआधी परत येण्याचा परवाना घ्यायचा, नाहीतर राहण्याची मुदत तिथंच संपते. विमानतळावरही मिळतो तो. मला माहीत होतं. पण त्या रात्री सुचलं नाही. तेराव्यानंतर लक्षात आलं की आपण आता पुन्हा पहिल्यापासून. पोलिसांचा दाखला, हत्तीपाय, सगळं. तेवढा दम उरला नव्हता. सामान घरमालकानं विकलं आणि हिशेबानं पैसे पाठवले, प्रामाणिक माणूस.

अंबानगरी

हिमरू, वाचून थोडा वेळ काही लिहवलं नाही.

एक गोष्ट लक्षात येतेय. ज्या प्रश्नाला कंटाळून निघाले तो प्रत्येक देशाच्या फॉर्मवर छापलेला आहे. "तुमचं कुणी नाही का" हेच, फक्त रकाना आखून.

दखनी

सलाम आपा. नांदेडचा आहे, शारजात 22 वर्षं झाली. इथं आमच्यातला कुणी गेला की काय होतं ते बघितलंय, म्हणून सांगतो, वाईट मानू नका. कागद लागतात: दवाखान्याचा मृत्यूचा दाखला, पोलिसांचा, मग भारतीय दूतावासाकडं नोंदणी, पासपोर्ट रद्द, मग ना हरकत. घरच्यांची संमती मागतात, इथंच दफन-दहन की गावी पाठवायचं. वारस लवकर सापडला नाही तर शीतगृहात दिवस जातात. गरजूंसाठी दूतावासात इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड असतो, 2009 पासून, त्यातून मदत होते. पण सांगणारं कुणीतरी लागतं.

म्हणून कुठंही जा, पोचल्याबरोबर दूतावासात नाव नोंदवा. आणि माझ्यासाठी काय करायचं हे एका कागदावर लिहून पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा. मी ठेवलाय. गोदावरी दिसली पाहिजे, बस.

बालाघाटी

दखनीभाईंच्या कागदाला जोडून: मृत्युपत्र. ताई, बिनलग्नाच्या हिंदू बाईनं मृत्युपत्र केलं नाही तर कायद्यानं आधी आईवडील, ते नसतील तर वडिलांचे वारस. म्हणजे भाऊ, आणि त्यांच्यामागून हॉल मोजणारा भाचा. तुम्हाला तेच हवं असेल तर काही करू नका. नको असेल तर दोन साक्षीदार आणि कागद, एवढंच लागतं. खात्यावर नॉमिनी लावलाय म्हणून निश्चिंत राहू नका, नॉमिनी म्हणजे फार तर पैसे सांभाळून वारसाला देणारा. आणि मुखत्यारपत्र देऊन जाणार असाल तर ते तुमच्या मृत्यूबरोबर संपतं, नंतर ते दाखवून कुणाला काही करता येत नाही.

पूर्णाथडी

धागा निवृत्तीचा व्हता, तेराव्यावर आला. कुणीतरी चहा टाका.

सीमोल्लंघन

चहा घ्या. आणि एक नाव सगळे विसरलात: नेपाळ.

हसू नका. 1950 च्या करारामुळं भारतीयाला तिथं राहायला व्हिसा लागत नाही. ठेव नाही, उत्पन्नाचा दाखला नाही, 90 दिवसांची हजेरी नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र दाखवायचं आणि जायचं. एका भारतीय रुपयाचे 1.60 नेपाळी, 1993 पासून दर हलला नाही, म्हणजे ताईंची पेन्शन तिथं रुपयातच राहते. इथल्या बँकेतून तिथं पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना आहे. दुकानांतून आपलं यूपीआयही 2024 पासून चालायला लागलंय. जमीन-घर घेता येत नाही, पण भाड्यानं राहायला कोण अडवतंय. भाषा येत नसली तरी पाट्या देवनागरीत, पहिल्या दिवसापासून वाचता येतात. डाळभात, भाजी. पोखरा 800 मीटरच्या आसपास उंचीवर, आपल्यासारखा उन्हाळा नाही.

कुणी मेलं, कुणी बाळंत झालं, की उठून यायचं, परत जायचं. परवाना कसला नाही.

दखनी

नेपाळ परदेश आहे का पण? :)

सीमोल्लंघन

आत्याला जूनमध्ये गुडघ्याच्या ऑपरेशनला बोलावता येणार नाही इतका आहे.

रात्रपाळी

दवाखाने बघून ठेवा. पोखऱ्यात वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. मोठं काही असेल तर काठमांडूहून दिल्ली विमानानं जवळ. बीपीच्या गोळ्या तीन महिन्यांच्या आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव, कंपनीचं नाही.

हिमरू

कुठंही जा, पण पहिल्या वर्षी फ्लॅट भाड्यानं देऊ नका. मी दिला होता. परत आल्यावर चार महिने पुतण्याच्या हॉलमध्ये झोपलो. हॉल किती बाय कितीचा ते मला पाठ आहे.

अंबानगरी

धागा वर काढते आहे. बऱ्याच जणांनी व्यनित (खाजगी निरोपात) विचारलं म्हणून.

मे अखेर निवृत्त झाले. गुडघ्याचं ऑपरेशन वहिनीनं दिवाळीवर ढकललं, डॉक्टर म्हणे घाई नाही. जुलैत निघाले. गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून सोनौलीची सीमा, पुढं बस. सीमा म्हणजे एक कमान. रिक्षावाला बोलता बोलता घेऊन गेला, तेव्हा कळलं की आपण परदेशी आलो. 31 वर्षं मी पोरांना ही रेघ लाल खडूनं काढून दाखवत होते.

सगळ्यांनी सांगितलं होतं ऑक्टोबरात जा, डोंगर दिसतात. मी भूगोलाची बाई, मला पाऊस बघायचा होता. पोखऱ्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पडतो. ज्या लातूरला 2016 साली रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच्या शेजारची मी. पहिले आठ दिवस नुसती खिडकीत बसून होते. माणसं पावसाला वैतागतात हे बघून आधी नवल वाटलं, मग थोडा रागही आला. तिसऱ्या आठवड्यात माझ्या सुती साड्यांना बुरशी आली, पायाला जळू लागली, आणि मी पण वैतागले. माछापुच्छ्रे हा डोंगर सत्तावीस दिवस दिसलाच नाही. अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी पाच वाजता दिसला, पंधरा मिनिटं. मी दात घासत होते, तशीच उभी राहिले.

संध्याकाळी फेवा तळ्याच्या काठानं एकटी हिंडते. कुणी काही म्हणत नाही. एकटं वाटतं का? वाटतं. दुपारी तीन ते पाच. अंबाजोगाईतही त्याच वेळेला वाटायचं.

घरमालकीणबाई साठीच्या. नवरा नाही, एक मुलगा कतारला, एक जपानला. चौथ्या दिवशी त्यांनी चहा दिला आणि विचारलं, "तपाईंको कोही छैन?" भाषांतर लागलं नाही. एवढ्या लांब येऊन तेच! मी म्हणाले, छैन. त्या म्हणाल्या, मेरो पनि यहाँ छैन. मग आम्ही चहा प्यायलो.

रात्रपाळी, रकाना भरलाय. त्यांनी माझा नंबर त्यांच्या मुलांना दिलाय आणि मी त्यांचा भावांना. वीस मिनिटं नाही, जिना उतरून खाली.

बालाघाटी, मृत्युपत्र निघण्याआधी केलं. भाच्याला हॉल दिलाय, बाकीच्या खोल्यांचं बघू.

कायम राहीन का माहीत नाही. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला येईन, मग येळवशीपर्यंत (वेळ अमावास्येपर्यंत) थांबेन. रेणापूरच्या शेतात भज्जी-आंबील चुकवायला जीव होत नाही. जानेवारीत परत जाईन. सध्या अडचण एकच. येताना पाच किलो ज्वारीचं पीठ आणलं होतं, ते संपलं. मालकीणबाईंना भाकरीची सवय लागली, त्या मक्याच्या पिठाची थापून बघतात आणि मोडली की माझ्याकडं बघतात. जानेवारीत दहा किलो न्यावं म्हणते. सोनौलीच्या नाक्यावर पीठ अडवतात का? कुणी नेलं असेल तर सांगा.

पूर्णाथडी

पीठ नका नेऊ मॅडम, ज्वारी न्या. दळण तिथं करा. पीठ कडू व्हतं.